पंचाहत्तरचा डोस

२७ ऑक्टोबर, सोमवार
थायरॉइडची गोळी पन्नासवरून पंचाहत्तर झाली. डॉ. भूमिका म्हणजे लहान मुलगीच, पायात स्पोर्ट्स शूज. हसत हसत डोस वाढवला. हसणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास नाही. आमच्या कॉन्व्हेंटच्या दवाखान्यातल्या सिस्टर कधी हसल्या नाहीत आणि एकही मुलगी दगावली नाही.
सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचं. १४ डिसेंबरला नाशिकला आमच्या बॅचचं रियुनियन. प्रार्थनेची पहिली ओळ मी एकटीनं म्हणायची, दहावीत म्हणायचे तशी. हेमकांत म्हणाला, "रिपोर्ट नीट आला तर खुशाल एकटी जा." पोटचा मुलगा, पण अट घालतो. मिरचीच्या धंद्यात ही सवय लागते.
नवी बाटली कपाटात ठेवली. जुनीत बऱ्याच गोळ्या आहेत, त्या आधी संपवायच्या. मागच्या वर्षीचं तिखट संपल्याशिवाय नवी बरणी उघडायची नाही, हे सासूबाईंनी मला पहिल्याच वर्षी शिकवलं. औषधाला वेगळा नियम कशाला?

३० ऑक्टोबर
डोस वाढवल्यापासून छातीत धडधड. पंचाहत्तर हा आकडाच मला जड वाटतो.
सून प्रतिभा रोज सकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून विचारते, "आई, गोळी घेतली?" मी हो म्हणते. यात खोटं काही नाही. कुठली घेतली, हे ती विचारत नाही.

६ नोव्हेंबर
हेमकांतच्या पथारीवर, मिरच्या वाळत घालतात तिथे, गेले होते. सगळं रान मिरच्यांनी लाल झालंय. कुणी बघत नाही असं पाहून मिरचीच्या वजनकाट्यावर उभी राहिले. आकडा इथे लिहिणार नाही. काटा जास्त दाखवतो, हे उघड आहे. याच काट्यावर तो माल घेतो, म्हणजे रोज नुकसान. संध्याकाळी त्याला सावध केलं. तो म्हणाला, "काटा गेल्या आठवड्यातच सरकारी तपासणीतून पासिंग करून आणलाय, आई." त्यालाही फसवलेलं दिसतं.
संकल्प: रात्री फक्त ताक.

७ नोव्हेंबर
आमच्या कामवाल्या भिकुबाईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा केला. ताक उद्यापासून.

१५ नोव्हेंबर, दुपार
गच्चीवर उन्हात तुरीच्या शेंगा सोलायला बसले आणि तिथेच झोपले. भिकुबाईनं हलवून उठवलं. म्हणाली, "आक्का, शेंगा तश्याच शेतस ना. सपनमा सोलत होत्यात का?" वीस वर्षं घरात आहे, त्यामुळे जीभ सैल झाली आहे.
पन्नासवर होते तेव्हा मी अशी झोपत नव्हते. निदान मला तसं आठवत नाही. आठवत नाही हाही डोसचाच परिणाम असावा.
प्रतिभा फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी गेल्यावर एकदम मोठ्यानं म्हणाली, "हो, भेंडी पाव किलोच." भेंडीबद्दल कुणी कुजबुजतं का?

२३ नोव्हेंबर
सकाळी न्हाणीघरात दार लावून प्रार्थनेचा सराव. पहिली ओळ चालू केली की मला शाळेचं चॅपल दिसतं. मेणाचा वास, घासलेली फरशी, आणि मागच्या बाकावर डॉरिस माझी वेणी ओढते आहे. सिस्टर म्हणायच्या, सँडी, वरच्या सुरावर घाबरायचं नाही, तिथे हलकंच जायचं.
आज वरच्या सुरावर गेले आणि घशातून दार करकरल्यासारखा आवाज आला. बाहेरून भिकुबाईनं विचारलं, "आक्का, पडन्यात का?"
गोळीनं माझा घसाही धरला. भिकुबाईला तसं सांगितलं. ती म्हणाली, "मिरचीना ठसका शे तो. सर्वा गाव खोकली ऱ्हायना. गोईले काब्र नाव ठेवतस?" गोळीला का नाव ठेवता म्हणे! गाव खोकतंय हे खरं, पण गावाला माझ्यासारखा बसका आवाज नाही.

१ डिसेंबर
थंडी फार. दोन स्वेटर घालूनही हात गार. प्रतिभा पंखा लावून बसते आणि म्हणते, थंडी कुठे आहे? मला घरातून घालवायचा बेत असेल, असा क्षणभर विचार आला. मग तिनं माझ्या पायांवर रजई टाकली. बेत लांबचा असावा.
नाशिकची साडी काढून ठेवली, आकाशी. युनिफॉर्मही आकाशीच होता. ब्लाउजचे हुक लागत नाहीत. धोब्यानं आटवला.

८ डिसेंबर, सोमवार
रक्त दिलं. मला खात्री आहे. इतका जबरदस्त डोस सोसलेला माणूस नापास होऊच शकत नाही.

९ डिसेंबर
रिपोर्ट आधीपेक्षा वाईट. हेमकांतनं डॉक्टरांना फोन लावला. त्या म्हणाल्या, पंचाहत्तर घेऊन असं व्हायला नको. बाटली बघा.
मी म्हटलं, लॅबची चूक. तेवढ्यात भिकुबाईनं कपाट उघडलं आणि बाटली सगळ्यांसमोर धरली. "आक्का, हाई बाटली ते आजून उघाडेल बी नही!"
मी तिखटाच्या बरणीचा नियम समजावून सांगितला. हेमकांतनं कपाळावर हात मारला. प्रतिभा हसली नाही. याचा मला जास्त राग आला.
पण एक मुद्दा राहतोच. नवी गोळी घेतली नव्हती, तर धडधड, झोप आणि घसा कशामुळे? डॉक्टर फोनवर म्हणाल्या, डोस कमी पडल्यामुळे. सोयीचं उत्तर आहे.

१० डिसेंबर
नवी बाटली उघडली. पहिली गोळी. काहीच झालं नाही. संशयास्पद.
हेमकांत म्हणाला, एकटी जायचं नाही. प्रतिभा म्हणाली, "मी येते ना सोबत. मी बाहेर बसेन, तुम्ही मैत्रिणींत बसा." पाळत ठेवणारी सोबत घेऊन मी शाळेत जाणार नाही. स्पष्ट सांगितलं. ती म्हणाली, "बरं, आई," आणि पोळ्या लाटायला गेली. मग दिवसभर कुणी पुन्हा आग्रह केला नाही. एकदा तरी करायला हवा होता.

१४ डिसेंबर, रविवार
अकरा वाजता डॉरिसचा व्हिडिओ कॉल. स्क्रीनवर सगळ्या म्हाताऱ्या. मला वाटलं, नंबर चुकला. मग एक म्हातारी ओरडली, "सँडी, लबाड, आली का नाहीस?" डॉरिसच.
म्हणाल्या, तुझी ओळ तूच म्हणायची, तोवर आम्ही सुरू करत नाही. प्रतिभानं फोन माझ्यासमोर धरला. मी आकाशी साडी नुसती खांद्यावर टाकली होती. चॅपलमध्ये सगळ्या उभ्या राहिल्या, काही जणी बाकाला धरून.
ओळ सुरू केली. वरच्या सुरावर हलकंच गेले. आवाज आलाच नाही. पुन्हा प्रयत्न केला, तर नुसता खरखरला.
पलीकडे दोघी-तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. मग डॉरिस म्हणाली, "नेटवर्क खराब आहे गं, तुझा आवाज तुटतोय." बाकीच्याही लगेच म्हणाल्या, "हो हो, तुटतोय." आणि पुढची ओळ सगळ्यांनी मिळून उचलली.
प्रतिभानं फोनकडे पाहिलं. नेटवर्कच्या सगळ्या काड्या भरलेल्या होत्या, मलाही दिसत होत्या. ती फोनसमोर वाकून म्हणाली, "मावशी, आमच्याकडे रेंजचा फार त्रास आहे."
मीही म्हटलं, "हो गं. नंदुरबारला हे रोजचंच."