चाचणीतली प्रमिला

६ ऑगस्ट
आज सकाळी देवपूरच्या नव्या खोलीत देव मांडले, दिवा लावला आणि कामावर रुजू झालो. पन्नाशीला टेकल्यावर नवी नोकरी, तीही मनासारखी. आमचे साहेब नवीनभाऊ यांनी व्हिडिओचा वेग बदलणारी छोटी लायब्ररी, म्हणजे इतरांना वापरता येईल असा तयार कोड, लिहिली आहे. दोन चित्रांच्या मधली चित्रं ती स्वतः तयार करते, त्यामुळे हळू केलेला व्हिडिओ अडखळत नाही. मी तिचं पॅकेज बांधायचं, म्हणजे कुणालाही ती सहज बसवता येईल. सोबत चाचणीचा एक व्हिडिओ लागतो. बसवताना तो दर वेळी आपोआप अर्ध्या वेगाने चालतो. मी परवाचा, पहूर गावातल्या कानबाई देवीच्या विसर्जनाचा घातला. बायको, प्रमिला, डोक्यावर कानबाई घेऊन झपाझप चालली आहे. आमच्या घरात कानबाई उचलली की नदीपर्यंत पाय थांबवत नाहीत.
प्रमिलेला सांगितलं तर म्हणाली, कॉम्प्युटर हळू, मालक बी हळू, या घरमा बठ्ठं हळूच शे.

९ ऑगस्ट
पॅकेज प्रसिद्ध झालं. लोक भराभर बसवत आहेत. नवीनभाऊंनी पेढे आणले. घरी चहाला फार वेळ लागला. प्रमिला दमली असेल.

११ ऑगस्ट
ती मान ताठ ठेवून चालते. एक हात डोक्याजवळ, काहीतरी धरल्यासारखा. डोक्यावर काही नसतं. बोलताना शब्द लांबतात. डॉक्टर म्हणाले, अशक्तपणा आहे.

१२ ऑगस्ट
घरच्या मशीनवर पॅकेज बसवून पाहिलं. चाचणी सुरू झाली आणि स्वयंपाकघरात तिचं पाऊल हवेतच राहिलं. चाचणी संपली तेव्हा टेकलं. त्यानंतरचं पाऊल आणखी हळू. म्हणजे जो कुणी बसवतो, तो दर वेळी तिला —

१३ ऑगस्ट
पॅकेज मागे घेतलं. नवीनभाऊ म्हणाले, नाना, लोकांनी उतरवून घेतलेल्या प्रती कशा परत आणणार? तिचा व्हिडिओ दुप्पट वेगाने चालवला. ती तशीच हळू. फक्त केस पांढरे झाले. लगेच बंद केला.

१४ ऑगस्ट
सकाळपासून तिचा एकच घास चालू आहे. मी जवळ गेलो की तिचे डोळे घाबरतात. तिला मी दिसतच नसेन. नुसतं काहीतरी सळसळून जात असेल — एकटी आहे ती तिथे —

१५ ऑगस्ट
देवापुढे बसलो. व्हिडिओ हळू करून कानबाईला वाटेत अडवलं ते मीच. अंगणात स्वतःचा चालतानाचा व्हिडिओ काढला. चाचणीत तिच्या जागी घातला. नवी आवृत्ती प्रसिद्ध केली.
लोक बसवत आहेत —
बाहेरची माणसं फार पळतात. ऊन भिंतीवरून सरसर —
प्रमिलेनं माझ्याकडे पाहिलं. आता तिचा शब्द नीट ऐकू —