मशीन चालू झालं की जातो

सोम. ३ नोव्हेंबर

शनि-रवीचे पाहुणे गेले, चादरी मागे ठेवून. रिसॉर्टच्या लिनन रूममध्ये दिवसभर मोजणी. पाठ गेली कामातून. घोरावाडी स्टेशनला उतरून घरी येते तर जमीर हॉलमध्ये फरशीवर, कॉम्प्युटर उघडून. नवा प्रोसेसर, रॅम, कूलर, सगळं मार्चमध्ये आणलेलं, हात जायच्या आधी. तेव्हापासून खोकी कपाटावर. आज त्यानेच खाली काढली.

"स्क्रू तू फिरव, मी सांगतो."

त्याच्या उजव्या हाताची मधली तीन बोटं कंपनीतल्या पत्रा दाबायच्या प्रेसने नेली. अंगठा आणि करंगळी आहेत. स्क्रूड्रायव्हर धरता येतो, दवाखान्यात धरून दाखवला होता. घरी धरत नाही.

उद्या माझी सुट्टी. उद्या बघू म्हटलं आणि आडवी झाले.

मंगळ. ४

कंपनीचं पत्र आलं. २० तारखेला हजर व्हा, स्टोअरमध्ये बसून करायचं काम. न आल्यास नाव कमी. मी दोनदा वाचलं. खरं सांगायचं तर आनंद झाला. आठ महिने हा माणूस खिडकीत बसून आहे, बघवत नाही मला.

जमीरने पाणी पिता पिता वाचलं. घडी घातली.

"मशीन चालू झालं की जातो. अर्धं काम टाकून जायची सवय न्हाई मला."

बरं. मग मशीन चालू करू. सोळा दिवस आहेत. हा टॉर्च धरणार, मी हात चालवणार. प्रोसेसर बसवला, श्वास रोखून. कूलरचे स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे आवळायचे. "एवढं नको! मोडशील!" "मग तू कर!" असं दिवसभर. मामींना अजून खटकतं मी त्याला अरे-तुरे करते ते. सासू झाल्या तरी मला त्या मामीच, आणि हा नवरा झाला तरी मामेभाऊच. पंधरा वर्षांत सवय मोडली नाही, आता काय मोडणार.

गुरु. ६

काल चालू केलं. दहा मिनिटांत टेंपरेचर ९९ आणि मशीन आपोआप बंद. परत चालू, परत बंद. आज कूलर काढला. बुडाला पारदर्शक प्लास्टिक, तसंच चिकटलेलं. बसवायच्या आधी सोलायचं असतं ते. मी सोललंच नव्हतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. आणि हा हसायला लागला. "नशीब, तांदूळ तरी पिशवीतनं काढून शिजवतीस!" हसता हसता डोळ्यांत पाणी. मामी आतून धावत आल्या, पोराला काय झालं म्हणून. या घरात मार्चनंतर असं कुणी हसलं नव्हतं. मी पण हसले, पोट दुखेपर्यंत.

प्लास्टिक सोललं, पेस्ट नवी लावली. टेंपरेचर ७२.

शनि. ८

रिसॉर्ट फुल्ल. घरी यायला साडेआठ.

मशीन साधं चालतंय. पण याला ओव्हरक्लॉक करायचंय, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा जास्त पळवायचा. कशाला, म्हटलं, चालतंय ते चालू दे. "मग हा प्रोसेसर घेतला कशाला?" वेग वाढवला की व्होल्टेज वाढवावं लागतं, व्होल्टेज वाढलं की तापतं, तापलं की परत वेग कमी. कुठेतरी मधला आकडा शोधायचा. तोवर "चालू झालं" म्हणायचं नाही.

त्याचा नियम: बायोसमध्ये, म्हणजे सेटिंगच्या निळ्या पानावर, काही बदललं की मोबाईलवर फोटो काढायचा. आपण विसरतो म्हणून.

मंगळ. ११

सुट्टी? कसली सुट्टी. सकाळपासून क्रॅश आणि रीस्टार्ट. ४.९ गिगाहर्ट्झ वेगावर पडलं. ४.८ वर पडलं. ४.७ ला १.२४ व्होल्टने पाच मिनिटं, १.२६ ने अर्धा तास. रॅमच्या पट्ट्या काढून पुसून परत बसवल्या. मामी म्हणाल्या, "चालू हाय का बंद, एकदाचं ठरवा गं. त्या पंख्यांनी माजं डोकं फिराया लागलंय."

दुपारी चारला ४.७, १.२८ व्होल्ट, मशीनला ताण देणारी पूर्ण तासाची टेस्ट पास! जमीरने माझ्या पाठीवर थाप मारली, उजव्या हाताने. मी काही बोलले नाही, बोलले असते तर हात मागे घेतला असता त्याने. फोटो काढला, सेव्ह केलं.

"आता कळव कंपनीला."

"उद्याचा दिवस बघू."

गुरु. १३

काल दुपारी कामावर जमीरचा मेसेज: "पडलं परत." घरी येऊन बघितलं तर व्होल्टेज १.१९. म्हणजे मी सेव्ह न करताच बाहेर पडले? केल्यासारखं पक्कं आठवतंय. "व्हतं असं," म्हणाला. परत १.२८, परत टेस्ट, पास.

आज परत मेसेज. परत १.१९. बावळट बाई, एक बटण नीट दाबता येत नाही तुला, असं मीच मला म्हणाले, मोठ्याने. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बोर्डावरचा सेल गेला असंल. सेटिंग इसरतंय."

शनि. १५

काल जेवणाच्या सुट्टीत पळत लोणावळ्याच्या बाजारात जाऊन सेल आणला. जेवले नाही. संध्याकाळी बसवला, टेस्ट पास.

आज दुपारी परत पडलं. परत १.१९.

पाच दिवस उरले. न्हाणीत जाऊन रडले, नळ सोडून. बाहेरून म्हणतो, "अगं सोड, हुईल कधीतरी." कधीतरी! वीस तारीख काय याच्यासाठी थांबणार आहे?

सोम. १७

सकाळी गाडीत बसायला मिळालं. मोबाईलमधले फोटो ओळीने बघितले. टेस्टनंतर १.२८, दुसऱ्या संध्याकाळी १.१९. प्रत्येक वेळी.

सेल गेला असता तर तारीख-वेळही पुसली गेली असती. ती बरोबर. वेग तोच, ४.७. बदललाय तो एकच आकडा, आणि दरवेळी अगदी तोच. विसरणारं मशीन रोज मोजून १.१९ वरच कसं येईल?

कुणीतरी टाकतंय तो. दिवसा घरात दोघंच. मामी टीव्हीचा रिमोट उलटा धरतात.

कामशेतपर्यंत नुसती बघत बसले होते. मग राग आला. दिवसभर चादरी आपटत होते, दोन गठ्ठे चुकीचे मोजले. घरी आले. आजही "पडलं" म्हणाला. असू दे, म्हटलं, दमलेय.

मंगळ. १८

मामी नमाजला आत गेल्या तेव्हा मोबाईल त्याच्यासमोर धरला. एकेक फोटो सरकवला. चार बघितले त्याने. पाचवा बघितला नाही.

"मीच करत हुतो," म्हणाला.

"मी स्वतःला बावळट म्हणत होते, तू ऐकत होतास. सेलसाठी उपाशी पळाले मी, जमीर! जायचं नाही तर सांग तसं. नाव कमी होऊ दे. पण मला वेड्यात काढू नकोस."

मान खाली. मग:

"स्टोअरच्या खिडकीसमोर तीच प्रेस हाय. बंद न्हाई केली. दुसरा माणूस उबा हाय तितं. मी आत बसून चलनं फाडायची आन् दिवसभर तो आवाज ऐकायचा."

मला माहीत नव्हतं. आठ महिन्यांत विचारलंच नाही मी, स्टोअर कुठे आहे म्हणून. बसून करायचं काम एवढंच वाचलं आणि खूश झाले.

"जागा बदलून माग."

"आधी हजर तर व्हावं लागंल ना."

राग गेला असं नाही. पण चहा केला, दोघांनी घेतला.

एक लिहून ठेवते, वहीत खोटं कशाला. मांडीला मांडी लावून बसायचो ते संध्याकाळचे दोन तास मलाही आवडायला लागले होते.

बुध. १९

घरी आले तर मशीन चालू. ओव्हरक्लॉक काढून टाकलेलं, साध्या वेगावर. झाकण बसवलेलं, मागचे चारही स्क्रू लावलेले. मी लावले नव्हते. मामी म्हणाल्या, "दुपारभर खुडबुडत हुता. एक स्क्रू सोफ्याखाली गेला तर मला म्हातारीला वाकाया लावलं."

तीन तास टेस्ट. पडलं नाही. आता मशीनचं काही कारण उरलं नाही, हे त्यालाही कळतंय, मलाही. दोघं पडद्याकडे बघत बसलो. उद्या डबे किती करू, एक की दोन, एवढं विचारायचं होतं. धीर झाला नाही.

गुरु. २०. दुपार, लिनन रूम

दोन डबे केले. त्याने एक उचलला. इस्त्रीचा शर्ट घातला. मामींनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. स्टेशनपर्यंत बरोबर चालत आलो.

त्याची गाडी पुण्याकडची, माझी लोणावळ्याकडची. माझ्या फलाटावरच थांबला माझ्याबरोबर.

"जाशील ना?"

"तुझी गाडी आली बघ."

चढले. दारातून मागे बघितलं तेव्हा तिथेच उभा होता, डबा हातात. पलीकडच्या, पुण्याच्या फलाटावर जायला निघाला का, ते दिसायच्या आत गाडी वळली.

दीड वाजलाय. डबा अजून उघडलेला नाही. सकाळपासून फोन नाही, मेसेज नाही. मामींना विचारता येईल. त्यालाही विचारता येईल. घरी असला तर घरीच आहे म्हणेल, आता खोटं बोलायचा नाही तो. म्हणूनच फोन लावत नाही.