तिसऱ्या उंदराची साखर

सोमवार, ३ फेब्रुवारी

नोकरी लागली! मलकापूरच्या बाहेर हायवेला लागून असलेल्या फार्मसी कॉलेजात, प्राणीगृहात मदतनीस म्हणून. अकरावीत शाळा सुटलेल्या माणसाला पांढरा कोट मिळेल, असं आमच्या अमडापुरात कोणी म्हटलं नसतं. देवानंद सर मधुमेहावर एका झाडाच्या सालीची पूड तपासत आहेत. चार पिंजरे, प्रत्येकात पाच पांढरे उंदीर. ओळखायला शेपटीवर मार्करने एक ते पाच रेघा. औषध टोचून सगळ्यांना साखरेचा आजार लावलेला आहे. चौथ्या पिंजऱ्याला सर्वांत जास्त पूड पाजतात.

माझं अक्षर पाहून सरांनी रजिस्टर माझ्याच हाती दिलं. काम इथल्या जुन्या अकीलभाईंनी शिकवलं. सकाळी आठला खाणं काढायचं. दोनला शेपटीचं टोक टोचायचं, पहिला थेंब पुसायचा, दुसरा पट्टीवर घ्यायचा, मशीनवरचा आकडा लिहायचा. मग खाणं परत ठेवायचं. घामाने शेपटी दोनदा हातातून निसटली. ते म्हणाले, “भेतं काऊन बे? मी माह्या निकाहातबी एवढा नसन घामेजलो.”

शनिवार, ८ फेब्रुवारी

आज पहिल्यांदा वीसच्या वीस आकडे एकट्याने घेतले. एकही खाडाखोड नाही. चौथ्या पिंजऱ्यातला तिसरा सर्वांत शहाणा, टोचतानाही हातात गप्प बसतो. त्याची साखर ३१८.

स्टेशनच्या बाजूला खोली मिळाली आहे. आईला आणायला आजच अमडापूरला जातो. तिला बारा वर्षांपासून साखर आहे, पायाला चटका बसला तरी कळत नाही. इथे डोळ्यांसमोर राहील. गाडी चारची आहे, घाईत लिहीत आहे.

सोमवार, १० फेब्रुवारी

हे कोणाला सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

शनिवारी गाडीच्या घाईत चौथ्या पिंजऱ्याचं खाणं परत ठेवायचं राहिलं. काल सुट्टी होती. आज सकाळी झाकण उघडलं तर चार उंदीर माझ्याकडे बघत होते. तिसऱ्याची तीन रेघांची शेपटी शिल्लक होती. बाकी फार थोडं. ते मी कोटाच्या खिशात घालून पाण्याच्या टाकीमागे पुरलं.

दोन वाजता त्याच्या रकान्यात ‘मृत’ लिहायचं होतं. सर दारात उभे होते. मी ३०२ लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच सुबक आलं, याची जास्त लाज वाटते.

शनिवार, १५ फेब्रुवारी

सर पिंजरे उघडत नाहीत, रजिस्टर बघतात. मेलेल्याचा आकडा वाढवायला मन धजत नाही, म्हणून मी दरवेळी थोडा कमी लिहितो. आज २४० लिहिलं. सर खूश झाले. माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, हा तिसरा आपलं नाव काढणार. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्यांना तो विनय वाटला.

गुरुवार, २० फेब्रुवारी

अकीलभाई संध्याकाळी खोलीवर आले. त्यांनी आपल्या अम्मीसाठी, खुर्शीदाबींसाठी, सरांकडून पूड मागून घेतली होती. त्यातली एक पुडी आईला दिली. “घे मावशी, तुह्याच पोराच्या हातचा आकडा आहे, खोटा नसन.” आईने सरकारी दवाखान्यातल्या गोळ्या त्याच रात्रीपासून बंद केल्या. मी समोर बसलो होतो. पुडी घ्यायला पाण्याचा पेला मीच भरून दिला.

शनिवार, २२ फेब्रुवारी

तिसऱ्याच्या रकान्यात आज १८४ लिहिलं. गोळ्या बंद आहेत याची भीती वाटली, म्हणून कॉलेजातली जुनी मशीन घरी आणून आईचं बोट टोचलं.

१८४.

योगायोग असेल. बरं झालं, असंच आधी वाटलं.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज मुद्दाम १३१ लिहिलं. घरी आईची साखर १३१. पुन्हा टोचलं. १३१.

आई म्हणते, गुण आला. पण तिची भूक भागत नाही. सहा भाकरी खाल्ल्या, मग परातीतलं कोरडं पीठ. “मले भूक लागून राह्यली बापा. दोन दिवसाची उपाशी असल्यासारखी.”

दोन दिवसांची, असं ती म्हणाली. तिला मी काही सांगितलेलं नाही.

गुरुवार, २७ फेब्रुवारी

आईच्या डाव्या पायाचा अंगठा कुरतडलेला. चादर ओली. तिला काहीच कळलं नाही. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, साखर शंभर आहे, एकदम छान. घरात उंदीर असतील, पिंजरा लावा.

घरात उंदीर नाहीत. मी सगळं बघितलं.

शंभर मीच लिहिलं होतं, काल.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

दुसरं बोट. उजव्या पायाचंही एक कुरतडलेलं.

सुटी टाकली. कॉलेजवर जाऊन अकीलभाईंना सगळं सांगितलं — खाणं, टाकी, आकडे. रडलो. खोटे आकडे गेले तर आई सुटेल, एवढंच डोक्यात होतं. ते रागावले नाहीत. “येडा आहे का बे? उंदीर मेला तं मेला लिवाचं. त्यात काय लाजाचं?” म्हणाले, सरांना मी सांगतो, रजिस्टरही मीच नीट करतो. तू मावशीजवळ बस.

इतकं सोपं होतं. अठरा दिवसांपूर्वीही इतकंच सोपं होतं.

शनिवार, १ मार्च

अकराला अकीलभाईंचा फोन. झालं बे काम. दहा तारखेपासूनचे सगळे आकडे खोडले, तिसऱ्यापुढे ‘मृत’ लिवलं. सरांनी खाली सहीबी केली.

मी आभार मानले.

आई भिंतीला टेकून बसली आहे. अकरानंतर काही खायला मागितलं नाही. भूक गेली बापा, म्हणाली. बरं वाटलं. तिच्या हाताला हात लागला —

गार आहे. ऊन अंगावर असून —

बोट टोचलं. थेंब नाही. दुसरं बोट. खोल टोचलं. दाबतो आहे — ती माझ्याकडे बघून हसते, म्हणते, टोच बापा, दुखत नाही —

अकीलभाई फोन उचलत नाहीत. ते ‘मृत’ खोडा म्हणून —

तिसरं बोट. काहीच —

आई बोलते आहे. अजून बोलते आहे. पण छाती हलत नाही —