चादरीचं छत

प्रिय रेश्मा,

फोनवर तू विचारतेस आणि ‘बरं चाललंय’ म्हणून मी मोकळी होते. आज खरं ते लिहिते. डायलिसिसला यायचंच नाही, असं तुझ्या दाजींनी धरून ठेवलंय. आठवड्यातून दोनदा त्यांना गाडीत घालून मीच नेते, मीच आणते. आता दारातूनच भांडण सुरू होतं. आणि निमित्त काय, तर गाडीचं छत! उन्हानं आतलं कापड सुटून लोंबत होतं. हे सीट मागं पाडून पडायचे आणि ते नेमकं तोंडावर यायचं. म्हणायचे, “जितेपणीच तोंडावर कापड घालतीस व्हय?”

म्हटलं, छत बदलू, मग तरी येतील. गॅरेजला टाकली तर गाडी अडकते, म्हणून घरीच उघडली. दिवा, हँडल सगळं काढून छताचा आतला पुठ्ठा डिकीतून अंगणात घेतला. जुन्या फोमचा पिवळा भुगा घासता घासता माझ्या नाकातोंडात गेला. हे खुर्चीतून हुकूम सोडत होते. सगळा जन्म चिंचोळीच्या कारखान्यात चादरी विणण्यात गेलेला. दुकानातलं पातळ कापड त्यांना कुठलं चालायला! सोलापुरात राहून चादर सोडून दुसरं काय लावायचं, म्हणे. सोल्यूशननं चिकटवली बाई, निळी, मोरांची. त्या खुशीत एकदा मुकाट आलेही. परतताना सात रस्त्याच्या सिग्नलला, भर दुपारी, ती जडशीळ चादर सोल्यूशन सोडून सबंधच्या सबंध आमच्या अंगावर! मागचे हॉर्न वाजवतायत आणि आम्ही दोघं चादरीखाली. किती दिवसांनी हसलो गं.

यांनी चूक कबूल केली नाहीच, पण फोमचं पातळ कापड आणू दिलं. मी सोल्यूशन लावत गेले, हे मधून कडेला तळहातानं कापड बसवत गेले. तेही एकाच हातानं, डायलिसिसच्या हाताला जोर देता येत नाही ना. एक सुरकुती राहू दिली नाही. मला वाटलं, माझा माणूस परत आला.

काल जायचं होतं. हे गाडीत बसले, वर बघितलं, “लई बेस झालंय,” म्हणाले आणि दार उघडून उतरले. “आता मी येत न्हाय.” या वेळी आवाजात भांडण नव्हतं.

मी समजूत घातली नाही, रेश्मा. गाडी बंद केली आणि आत जाऊन चहा टाकला. तो उकळेपर्यंत मला इतकं हलकं वाटलं! आता न्यायचं नाही, आणायचं नाही, सुटले एकदाची. मग माझीच मला भीती वाटली. मला असं वाटलं, ते पोरांना कसं सांगू? शेजारचा अभिमन्यू आजच तुमच्या अकलूजला येतोय, त्याच्या हाती चिठ्ठी देते. हातातलं काम टाकून ये. तुला गाडी येते, आणि ते तुझं ऐकतात. उद्या तू त्यांना घेऊन जा. माझ्याच्यानं आता त्यांना ‘चला’ म्हणवत नाही.

तुझीच,
अक्का