खांबाला घासलेलं दार

ठमाबाई,

आज दाढी करताना बाबा आरशाशी पुटपुटत होते, "गेममध्ये गाड्या ठोकून ठोकून शिकलेली पोरगी, ती खांबाला घासणारच!" रविवारी तू "मी नाही" म्हणालीस, ते कुणी ऐकलं नाही. गाडीची किल्ली बाबांनी काढून घेतली, आणि आठवडाभर तू बसने कामाला जातेस. मी मात्र भांडी पुसत राहिले.

तू कामावर गेलीस की दुपारी तुझा तो गेम मी खेळते. महिना झाला. हसू नकोस, तिसऱ्या लेव्हलला पोचलेय! त्यात वळणावर ब्रेक मारायचाच नाही, सुळकन आत घुसायचं. ठोकली तर बटण दाबून पुन्हा सुरू. रविवारी भाजी घेऊन येताना फाटकाशी माझे हात तसेच वळले. खांबाला तसलं बटण नव्हतं.

दाराला रंग लावून घ्यायला गाडी गॅरेजला नेतेय, अगदी हळू. जेवण झाकून ठेवलंय. उद्यापासून किल्ली तुझी. गेम तेवढा माझ्या हाती लागणार नाही असा ठेव. चुकले गं.

बाबांना आत्ताच फोन करून सांगितलं, "अहो, पोरीने नाही, गाडी मी घासली."

आई