दारावरचा ठिपका

३ फेब्रुवारी

लाल ठिपका! आमच्या दारावर!
सोसायटीने नवीन काढलंय. ज्याच्या घरचा कचरा जास्त त्याला लाल, कमी त्याला हिरवा. गंगाराम वॉचमन रोज सकाळी काट्याला पिशवी लटकवतो. कमिटीतली क्षिप्रा, पोरीच्या वयाची, म्हणते, “जयमालाकाकू, रागवू नका हं, पण माणसं दोन आणि प्लॅस्टिक अख्ख्या मजल्याचं!”
म्हटलं, “मग एक माणूस कमी करू का?”
ठिपक्यांचा कागद घेऊन पुढच्या दाराकडे वळली.

४ फेब्रुवारी

ह्यांच्या किडन्या गेल्यात. पोटात नळी बसवलीय. दिवसातून चारदा औषधाच्या पाण्याची पिशवी पोटात सोडायची, काही तासांनी घाण पाणी काढायचं, पुन्हा नवी. प्रत्येकीबरोबर नळ्या, टोपणं, वरचं आवरण. धुऊन वापरायची सोय नाही, पोटात जंतू जातात. तीन वेळा मी लावते. दुपारी मी कळंबोलीला खानावळीत पोळ्या लाटायला असते, तेव्हा हे स्वतःच लावतात.
हे सगळं क्षिप्राला जिन्यात उभी राहून सांगू? ह्यांनी तर शपथच घातलीय — नळीचं कुणाजवळ बोलायचं नाही. लाज वाटते म्हणे. आजाराची कसली लाज!

८ फेब्रुवारी

बाकीचं कमी करते मग. पिशवीतलं दूध बंद, करंजाडे गावातल्या तबेल्यावर बरणी घेऊन जाते. जुन्या परकरांच्या पिशव्या शिवल्या. पुड्यातली बिस्किटं बंद. भाजीवाला दात काढतो, “मावशी, मेथी काय पदरात टाकू?” म्हटलं, “टाक, आणि तोंड मीट.”
एवढं करून ठिपका लालच.

११ फेब्रुवारी

ह्यांच्या पिशव्यांचे महिन्याचे खोके आले. पॅसेजमध्ये रचले, चालायला जागा नाही. माझं डोकं फिरलं. “घर आहे का गोडाऊन? मी मरमर मरते आणि सगळा कचरा तुमचा एकट्याचा!”
हे उठले. दाराशी जाऊन नखाने ठिपका खरवडत बसले. नख मोडलं, ठिपका तसाच.

१२ फेब्रुवारी

मऊ भात केला. तूप जास्त घातलं. कालचं काही काढलं नाही — ह्यांनीही नाही आणि मीही नाही.

१९ फेब्रुवारी

पिशवी हलकी! गंगाराम म्हणतो, “काय ताई, गावाला गेलावता काय?” दोन दिवस बघतेय, खरंच कमी झालाय कचरा. परकरांना यश आलं म्हणायचं!
हे म्हणाले, “बघ, जमलं तुला.” किती दिवसांनी हसले.

२४ फेब्रुवारी

ह्यांचे पाय सुजलेत. अंगठा दाबला की खड्डा तसाच राहतो. मीठ बंद केलंय डॉक्टरांनी, तरी चोरून लोणचं खात असणार. बरणी कपाटात टाकून कुलूप लावलं.
“दुपारची पिशवी नीट लावता ना?”
“लावतो गं बाई. पोलिसात भरती हो तू.”
दवाखान्यात चला म्हटलं तर सोमवारी बघू. माझं ऐकतंय कोण!

२७ फेब्रुवारी

हिरवा! क्षिप्राने स्वतः चिकटवला. “काकू, तुम्ही करून दाखवलंत!” मोबाइलवर फोटो काढला. मी परकराची पिशवी हातात धरून उभी. अख्खा मजला टाळ्या वाजवतोय.
हे आत पडलेले. धाप लागली होती. बाहेर यायला ह्यांच्याने उठवेना. तिथूनच विचारलं, “लावला का?”
“लावला,” म्हटलं.
“मिटली आता तुझी कटकट.” आणि डोळे झाकून पडून राहिले.

१ मार्च

पनवेलला दवाखान्यात. छातीत पाणी झालंय. पहाटे बसवून आणलं, आडवं होता येईना. डॉक्टरीण विचारते, किती दिवस असं? काय सांगू? लोणच्याचं सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. मला बाहेर बसवलंय. काचेतून एक पाय दिसतो. एवढंच.

२ मार्च

चादर न्यायला घरी आले. दिवाण उघडला. गोधड्यांखाली औषधाच्या पाण्याच्या पिशव्या — भरलेल्या, सील न फोडलेल्या. सगळ्या दुपारच्या.
दारावरचा हिरवा ठिपका नखाने खरवडतेय. निघत नाही.