विहीर शुद्ध केल्याची नोंद

२ नोव्हेंबर, रविवार
आजपासून शिस्त. रोज डायरी, रोज थिसिसची दोन पानं. पीएचडीला सहा वर्षं झाली. ही तिसरी मुदतवाढ, आणि माझ्या गाइड साधना मॅडम म्हणतात की शेवटची. मार्चअखेर सगळं द्यायचं. सहज होईल.

कवठे येमाईच्या पुढं गोरडवाडी. तिथल्या विहिरीचं पाणी गेल्या आठवड्यात स्वतः काढून तपासायला दिलं होतं. नायट्रेट ७८. पंचेचाळीसच्या वर गेलं की तान्ह्या बाळांना धोका. छान! म्हणजे छान नाही, पण प्रकल्पाला छान. विहिरीला लागून ओढ्याचा डोह आहे, त्यात कर्दळीचा तराफा सोडला. मुळं घाण शोषणार, डोह शुद्ध होणार, झिरपून विहीर शुद्ध होणार. वाडी सध्या ग्रामपंचायतीच्या फिल्टरवरून जार भरून नेते. ती वेळच राहू देणार नाही.

९ नोव्हेंबर
दौंडहून गोरडवाडी, मोटरसायकलवर अडीच तास. कंबर गेली. नमुना दर वेळी स्वतः घेणं ही तशी जुनाट पद्धत आहे. विहिरीशेजारच्या अनसाबाईंना बाटल्या देऊन आलो. दर रविवारी भरायच्या, दुधाच्या गाडीत द्यायच्या, पुण्याच्या लॅबमधून आकडा माझ्या फोनवर. बजावलं की बाटली थेट पुण्याच्या मॅडमपुढं जाते, नीट भरा. म्हणाल्या, काळजीच करू नका सायब. थिसिसमध्ये याला लोकसहभाग म्हणतात.

१८ नोव्हेंबर
नायट्रेट ९. नऊ! शिरीनला उठवून सांगितलं. ती म्हणाली, त्या बाईंनी बाटली कुठून भरली ते बघितलं का? बायको कॉमर्सची असली की असं होतं.

७ डिसेंबर
अनसाबाईंच्या मेंढरांनी तराफा खाल्ला. अख्खा. फोनवर त्या म्हणाल्या, दोन कोंब ठेवल्यात बघा. दिवसभर अंथरुणात.

९ डिसेंबर
नायट्रेट ८. कर्दळ नसताना! म्हणजे मुळांचा परिणाम मागं राहतो. हा शोध आहे. आभारात मेंढरांचा उल्लेख करावा का, विचार चालू.

१२ डिसेंबर
मॅडमचं म्हणणं, एकदा स्वतः जाऊन नमुना घे. उद्या पहाटे पाचला निघणार. नक्की.

१३ डिसेंबर
धुकं.

२१ डिसेंबर
अम्मीचे गुडघे. त्यात टायरपण बसलेला. थिसिसची पानं: चार. त्यातलं एक अर्पणपत्रिकेचं.

२६ जानेवारी
आयुष्यातला मोठा दिवस. ग्रामसभेत माईकवर जाहीर केलं, गोरडवाडीची विहीर शुद्ध झाली. सरपंच सोपानरावांनी शाल घातली. फिल्टर तिथल्या तिथं बंद. सोपानराव म्हणाले, मशिन माझ्या पाहुण्यांच्या मंगल कार्यालयात लावतो, हितं पडून काय करायचं?

अनसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. नातसून प्रगतीचं बाळ दीड महिन्याचं, अंगावरचं दूध पुरत नाही, पावडरचं पाजतात. त्यासाठी फिल्टरचं पाणी आणायला पोरीला रोज चढ चढून जावं लागायचं. म्हणाल्या, तुमच्यामुळं पाणी दारात आलं. मलाही भरून आलं. आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो.

३ फेब्रुवारी
नायट्रेट ८१. लॅबवाल्यांना ताबडतोब झापलं.

४ फेब्रुवारी
त्यांनी पुन्हा तपासलं. ८१. बाटली खराब असणार.

१० फेब्रुवारी
नवी बाटली. ८३. शिरीनने आकडा बघितला आणि मोटरसायकलची किल्ली माझ्यापुढं ठेवली.

११ फेब्रुवारी
गेलो. धुकं होतं तरी गेलो.

अनसाबाईंना विचारलं, हल्ली बाटली कशी भरता? म्हणाल्या, हिरीचंच भरते की आता. आता म्हणजे? तर म्हणाल्या, आधी फिल्टरचं भरत हुते, आता फिल्टर हाय कुठं? मी ओसरीवर बसलो. फिल्टरचं का, असं विचारलं तर त्याच माझ्यावर चिडल्या: पुण्याची मॅडम बघणार म्हटल्यावर आमचं घाण पाणी कोण पाठवंल? गावाची अब्रू हाय का न्हाई?

बाळाला हे पाणी देऊ नका म्हणालो. मग उकळून देतो, म्हणाल्या. उकळल्यावर नायट्रेट आणखी वाढतं, हे सांगितलं. त्या जोरात हसल्या.

१२ फेब्रुवारी
सोपानरावांना सगळं खरं सांगितलं. ते म्हणाले, सर, तुम्ही लई नम्र माणूस हाय. माझ्या फोटोचा बोर्ड दाखवला. मशिनवर मंगल कार्यालयात तीन लग्नं झालीत, आता परत कसं मागायचं? मॅडमना फोन केला. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं की बाळ कसं आहे. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर चाललं असतं.

१५ फेब्रुवारी, रविवार
शिरूरहून जार विकत घेऊन गेलो. अनसाबाईंच्या ओसरीवर वाडी गोळा झाली होती. उभा राहून स्पष्ट बोललो. चूक माझी आहे, पाणी खराब आहे, बाळाला हा जार वापरा. प्रगती बाळाला घेऊन दारात उभी होती, तिला पटत होतं. तोंडावर दिसत होतं. तिने जारला हातही लावला.

अनसाबाई आत गेल्या, तांब्याभर पाणी घेऊन आल्या. म्हणाल्या, तुमच्या हिरीचं हाय. आमच्या घरचं पाणी पिणार न्हाई का सायब?

मोठ्या माणसाला पिण्याने काही होत नाही, हे मला माहीत आहे. पण ते सांगायला वेळ लागला असता, आणि तांब्या पुढे धरलेला. सगळे बघत होते. म्हाताऱ्या बाईचा अपमान कसा करायचा?

प्यालो. टाळ्या वाजल्या. सोपानरावांनी फोटो काढला.

प्रगतीने जार सोडला आणि बाळाची बाटली भरायला रांजणाकडं गेली.